सासूचोरीचं प्रकरण, मुक्काम किल्की

मॅलॅकी हेहरच्या मते लिमरिक शहरात पाहण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या: एक किंग जॉनचा किल्ला आणि दुसरा तो स्वतः. त्यातही किल्ल्याला तिकीट पडायचं. घारीची नजर, शिकारी कुत्र्याचं नाक आणि पोलादी मेंदू, असं स्वतःचं वर्णन तो स्वतःच करी. असलं नाजूक काम दुसऱ्यावर सोपवून चालत नाही. दिवसभर तो गालिच्यांच्या दुकानातर्फे लोकांच्या खोल्या मोजायचा, पण ते केवळ वेषांतर. मूळचा तो गुप्तहेर. आजवर त्याने पुष्कळ गुन्हे उघडकीस आणले होते. पैकी बहुतेक घडलेच नव्हते, आणि जो एक घडला होता तो त्याच्याच हातून. ही शेवटची माहिती मात्र त्याची बायको डिम्पना हिच्याकडून मिळालेली.

ऑगस्टातल्या एका रविवारी हेहर कुटुंब समुद्रकाठच्या किल्कीला निघालं. मॅलॅकी, डिम्पना, दहा वर्षांची कीलिन आणि मागच्या सीटवर खिडकीशी डिम्पनाची आई, मिसेस अट्रॅक्टा लिलिस. सहल काटकसरीची होती. समुद्र फुकट, खडक फुकट, बँडस्टँडवरचं संगीत फुकट, आणि गाडी टेकडीवर अशा जागी लावायची की ती जागाही फुकट. तिथून किनारा इतका लांब, की मुक्कामाला पोचेपर्यंत निम्मी सहल पायीच उरकली.

"आज तुझ्या आईचं वजन वाढलेलं दिसतंय," उतारावरून चालताना मॅलॅकी बायकोच्या कानाशी लागला. "फ्रॉकच्या आत आणखी काहीतरी आहे. चालताना चुरचुर वाजतं. माझा निष्कर्ष, बिस्किटं!"

"मॅलॅकी, ती माझी आई आहे. पुडा नाही."

डिम्पनाचं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. सकाळी गाडीत आईशी तिची चांगलीच जुंपली होती. आई म्हणाली, मी पोलॉक होल्सकडे जाणार. ओहोटीला तिथल्या खडकांत पाण्याची मोठमोठी डबकी उरतात आणि सगळं किल्की त्यांत डुंबायला येतं. डिम्पना म्हणाली, "आई, खडकावर शेवाळं असतं. तुझे गुडघे काय, वय काय! खुर्ची आणलीय, एका जागी गप बसायचं." आई त्यावर एक अक्षर बोलली नाही. मिसेस लिलिस गप्प बसली म्हणजे हवामानखात्याने इशारा द्यायला हरकत नसे.

वाळूवर घडीची खुर्ची मांडली, तीत आईला बसवलं, मांडीवर घोंगडी टाकली, हातात हॅमचं सँडविच दिलं. हॅम मॅलॅकीने कापलं होतं, त्यामुळे त्यातून पलीकडचा समुद्र दिसत होता. मग बाकीचे तिघे पाण्यात पाय बुडवून आले. आले आणि पाहतात तो काय, खुर्ची रिकामी. घोंगडी खाली. सँडविच अर्धवट खाल्लेलं.

"कुणी कशाला हात लावू नका!" मॅलॅकी ओरडला आणि स्वतः सँडविच उचललं. डोळे बारीक करून त्याने ते उलटंसुलटं न्याहाळलं. "अर्ध्या घासात उठवलंय. म्हणजे जबरदस्ती. हॅम टाकून आपणहून उठणारी बाई या देशात जन्मलेली नाही."

"बाबा, यात हॅम आहेच कुठे?" कीलिनने विचारलं.

"तेच! हॅमही चोरलं."

डिम्पना मात्र सारखी समुद्राकडे बघत होती. भरतीची वेळ जवळ येत होती. "मॅलॅकी, गार्डांना सांगू या. पोलिसांचं काम आहे हे."

"मी असताना गार्डा?" मॅलॅकीचा चेहरा असा झाला, जणू त्याच्या देखत कुणी दुसऱ्याकडून गालिचा मोजून घेतला. "अर्धा तास दे. फक्त अर्धा तास."

पहिला संशयित जागेवरच सापडला. किनाऱ्याच्या रस्त्यावर सेनन नावाचा म्हातारा उकडलेले समुद्री शंख विकत होता. टाचणीने आतला मऊ गोळा काढून खायचा. मॅलॅकी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. म्हाताऱ्याच्या हातातली टाचण्यांची डबी बघून मॅलॅकीचे डोळे लकाकले.

"काय हो, एवढ्या टाचण्या कशाला?"

"गिऱ्हाइकाला."

"टोचायला?"

"खायला, बाबा. शंख खायला. टाचणी नव्हे." सेनन शांतपणे म्हणाला. "नवा आहेस का? लिमरिकचा दिसतोस."

"कशावरून ओळखलंत?" मॅलॅकी दचकला.

"न घेता उभा आहेस त्यावरून."

एक पुडी घ्यावी लागली. काटकसरीला पडलेलं हे पहिलं भोक. मॅलॅकीने परत येऊन जाहीर केलं, की सेनन निर्दोष आहे किंवा फारच पोचलेला आहे. तेवढ्यात त्याला खुर्चीच्या पायाला अडकलेला लोकरीचा दोरा मिळाला आणि त्याचा आनंद गगनात मावेना. "धागेदोरे हाती आले!"

"एकच आहे, आणि तो तुझ्या स्वेटरचा आहे," डिम्पना म्हणाली. खरोखरच त्याच्या स्वेटरची बाही कोपरापर्यंत उसवली होती.

पण बँडस्टँडवरून अकॉर्डियनचे सूर आले आणि मॅलॅकीचा पोलादी मेंदू पुन्हा तापला. वाजवणारा गृहस्थ पांढऱ्या मिशांचा, बुटांना चकाकी, बोटांत अंगठी नाही. "विधुर!" मॅलॅकी कुजबुजला. "डिम्पना, मन घट्ट कर. तुझी आई पळून गेली आहे."

"तिला जिना चढवत नाही, ती पळेल कुठून?"

"प्रेमात गुडघे आड येत नाहीत."

दोन गाणी संपेपर्यंत तो खांबाआडून त्या गृहस्थावर पाळत ठेवून होता. शेवटी त्या गृहस्थाची बायको आली, तिने त्याला आईस्क्रीम दिलं आणि खांबाआडच्या माणसाकडे असं बघितलं की मॅलॅकीने पाळत आवरती घेतली.

"आता गार्डा," डिम्पना म्हणाली. सकाळचं आपलंच बोलणं तिला आठवत होतं. एका जागी गप बस. हे काय बोलणं झालं आईशी?

"एक शेवटची दिशा उरली. पोलॉक होल्स. तुम्ही मागून सावकाश या," असं म्हणून मॅलॅकी झपाझप खडकांवर चढला. गेला, घसरला, उठला, आणि आपण मुद्दामच वाकून ठसे बघत होतो असा चेहरा केला.

डबक्यात पाच-सहा बायका डुंबत होत्या. रबरी टोप्या घातल्यामुळे सगळ्यांची डोकी उकडलेल्या अंड्यांसारखी दिसत होती. सगळ्यांत जवळ एक पिवळी टोपी तरंगत होती.

"बाईसाहेब!" मॅलॅकीने अदबीने हाक मारली. "इथून एक म्हातारी जाताना पाहिलीत का? बुटकी, तोंडाळ, गुडघ्यांतून गेलेली. कपाळाला कायम आठी."

पिवळी टोपी विचारात पडली. "तोंडाळ म्हणता?"

"भयंकर."

"छे हो. तसली कुणी आली नाही बाई इथे. का गं?"

"नाही बाई," बाकीच्या टोप्या म्हणाल्या आणि का कोण जाणे, सगळ्याच एकदम पाण्याखाली गेल्या.

डिम्पना कीलिनचा हात धरून पोचली तेव्हा मॅलॅकी खडकावर बसून अंतिम निष्कर्ष मांडायच्या तयारीत होता. "साक्षीदार विश्वासार्ह आहेत. तुझी आई इथे आलेली नाही. याचा अर्थ ती बोटीने..."

डिम्पनाने हात वर करून त्याला थांबवलं. पाण्यातून हसण्याचा आवाज येत होता. खदखदून, ठसका लागेपर्यंतचं हसणं, मध्येच एक बारीक किंकाळी. बाबा गेल्यापासून हे हसणं तिने ऐकलं नव्हतं. ती खडकाच्या अगदी टोकाशी गेली.

"आई?"

पिवळी टोपी वळली. टोपीखाली मिसेस अट्रॅक्टा लिलिस होती. ओठ निळे, गाल लाल, आणि कपाळावर आठीचा मागमूस नाही.

"पोहण्याचा पोशाख!" मॅलॅकी किंचाळला. "फ्रॉकच्या आत! बिस्किटं नव्हतीच!"

"टोपी खिशात होती," मिसेस लिलिस म्हणाली. "ती चुरचुरत होती."

"पण मी विचारलं तेव्हा तुम्ही धडधडीत खोटं बोललात!"

"जावईबापू, तुम्ही तोंडाळ, गुडघे गेलेली म्हातारी विचारलीत. मी इकडेतिकडे बघितलं. खरंच नव्हती." एवढं बोलून तिने पाय झाडला आणि खारं पाणी थेट तपासअधिकाऱ्याच्या बुटांवर उडवलं. "पाण्यात गुडघे दुखत नाहीत रे बाबा. जमिनीवरच दुखतात."

डिम्पनाला रडावं की ओरडावं कळेना. "आई, सांगून तरी जायचंस! जीव गेला होता माझा!"

"सांगितलं असतं तर सोडलं असतंस?"

डिम्पना खडकाच्या कडेला वाकली. खाली आईचे हात पाण्यात सावकाश हलत होते, एखाद्या तरण्या पोरीसारखे.

"गार आहे का गं?" तिने विचारलं.

"भयानक! शिव्या देत उतरायचं, मग बरं वाटतं."

डिम्पनाने पायातले बूट काढले. पर्स नवऱ्याच्या गळ्यात अडकवली, त्याच्यावर कोट टाकला, कीलिनला त्याच्या हाताशी दिलं.

"हे काय? डिम्पना? फ्रॉक? टॉवेल आणलेला नाही आपण! डिम्पना, तू चाललीस कुठे?"

"शोध लाव!" ती म्हणाली, एक सणसणीत शिवी हासडली, आणि धपकन आत गेली.