केशोरीची अदृश्य वाफ

“माझ्यासमोर पुरावा थरथरतो, साक्षीदार घामाघूम होतो आणि गुन्हेगार कबुली देऊन मोकळा होतो,” असं गोंदियाचे सायंटिफिक डिटेक्टिव्ह चुन्नीलाल प्रत्येक नव्या माणसाला सांगत. त्यांचे सहायक पुनाराम हे वाक्य चार वर्षं ऐकत आले होते. घामाघूम झालेलं मात्र त्यांनी फक्त स्वतःलाच पाहिलं होतं, कारण सामान तेच उचलत. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं शिपाईगिरी केल्यावर त्यांना एखादं हलकं काम हवं होतं. मिळालं तेही हलकंच, फक्त वेगळ्या अर्थानं.

१९३६च्या पौषात केशोरीच्या जागेश्वरचं बोलावणं आलं. जागेश्वर तिथला भातशेती करणारा तरुण. त्याच्या पणज्यानं गावचा तलाव बांधला होता. महिनाभर त्याच्या घराच्या मधल्या खोलीत जो बसे त्याचं डोकं दुखे, मळमळे. आई धुरपताबाई तर दोनदा चक्कर येऊन पडली होती. आणि महिनाभरापूर्वीच जागेश्वरची बायको शामकला फुलचूरहून नांदायला आली होती.

“पायगुण!” धुरपताबाईंनी निकाल दिला. “सोमवारी हिले माहेरी धाडून देतो.”

जागेश्वर आईपुढे पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला.

“बाई, पायगुण वगैरे सब झूठ,” चुन्नीलाल म्हणाले. “मी शास्त्रीय कारण शोधतो.”

दारामागे उभ्या शामकलाचा चेहरा उजळला. पुनारामांना तिची कीव आली.

दुपारपर्यंत दोन सिद्धांत झाले. शेजारी भातात धोत्रा कालवतो, हा पहिला. पण शेजारी रोज इथेच जेवत होता आणि ठणठणीत होता. जमिनीखाली मेलेली घूस आहे, हा दुसरा. खणल्यावर घूस नाही, पण दहा वर्षांपूर्वी हरवलेलं उलथणं सापडलं. धुरपताबाईंना डिटेक्टिव्हविषयी प्रथमच आदर वाटला.

मग पेटीतून काचेची बरणी निघाली. आत सोन्याच्या वर्खाची दोन पानं टांगलेली. चुन्नीलालांनी वीज भरली तशी ती फाकली.

“खडकातून रेडियमचा अदृश्य वायू निघतो,” चुन्नीलाल म्हणाले. “रंग नाही, वास नाही. तो असला की पानं झटकन मिटतात. विलायतेत लोक तो पाण्यात मिसळून ताकदीचं औषध म्हणून पितात. मी म्हणतो, जे दिसत नाही ते पिऊ नये!”

साहेबांच्या आयुष्यातलं हे पहिलं शहाणं वाक्य, असं पुनारामांना वाटलं. तेवढ्यात पानं मिटली.

“साहेब, कोपऱ्यात निखाऱ्यावर चहा उकळून राहिला. बरणीले वाफ लागली. पावसाळ्यात शाळेतही पानं अशीच पडत.”

“म्हणजे शाळेतही रेडियम होतं!” चुन्नीलालांनी खोलीभर नजर फिरवली. ती माहेरून आलेल्या शामकलाच्या जात्यावर थांबली. “त्रास नवा, दगडही नवा! वायू या जात्यातून निघतो!”

“मी का वेगळं म्हणून राहिली होती?” धुरपताबाई म्हणाल्या. “सोमवार कायले? आजच धाडतो. जात्यासकट.”

शास्त्र आणि पायगुण वेगवेगळ्या वाटांनी निघून एकाच सुनेच्या डोक्यावर येऊन आदळले. शामकला लुगडी गाठोड्यात बांधू लागली.

“आता पक्कं मापन,” म्हणत चुन्नीलालांनी दारं लावून घेतली. पाऊण तासात पुनारामांच्या कानशिलात घण पडू लागले. उठावं म्हटलं तर पाय उठेनात.

“मळमळतंय!” चुन्नीलाल आनंदानं ओरडले. “पुनाराम, मी बरोबर आहे!” आणि ते जात्यावर आडवे झाले.

तो आवाज ऐकून शामकलानं खांद्यानं दार ढकललं. जागेश्वरच्या मदतीनं दोघांना ओढून ओसरीवर टाकलं, खिडकीत कोंबलेलं भाताचं तणस उपसलं आणि निखाऱ्यांचं घमेलं अंगणात नेऊन ठेवलं.

“थंडीपायी खिडकी बुजवली, आन् दिवसभर निखारे आत,” ती धापा टाकत म्हणाली. “आमच्या फुलचूरले बिडीच्या भट्टीवर लोकं असेच पडतात.”

“मंग बोलली काऊन नाही?” धुरपताबाई गरजल्या.

“बोलली होती. पहिल्याच दिवशी. तुमी म्हणलं, नवरी नांदाले आली का हवा खाले?”

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडी ठेवून धुरपताबाई दुपारभर त्याच खोलीत, त्याच जात्याला टेकून बसल्या. काही झालं नाही, हे सांगताना त्यांचा आवाज जरा पडलेला होता.

“कागद लिहून द्या,” शामकला चुन्नीलालांना म्हणाली. “सुनेचा दोष नाही म्हणून. गावभर बोभाटा झाला आहे.”

चुन्नीलालांनी झरझर लिहून कागद दिला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो पुनारामांपुढे धरला. वर ठळक अक्षरांत होतं, ‘चुन्नीलाल यांचा अद्भुत शोध’. शामकलाचं नाव कुठेच नव्हतं.

पुनारामांनी घसा खाकरला आणि मोठ्यानं वाचलं, “गुन्हेगार, कोंडलेले निखारे. सून निर्दोष. शोध लावणारी, शामकला.”

जागेश्वर पहिल्यांदाच आईसमोर हसला. शामकलानं पदर डोळ्यांना लावला. ते चुन्नीलालांनी पाहिलं. मग त्यांनी कागद परत मागितला, मजकूर खोडला आणि पुनारामांनी वाचलेला शब्दन् शब्द लिहून काढला.

खाली सही केली. मग सहीच्या वर, अगदी बारीक अक्षरांत, लिहिलं: ‘चुन्नीलाल यांच्या बेशुद्ध उपस्थितीत.’