एकाच नावाच्या एकोणीस फायली

गुरुवारी दुपारी बाबांनी तिला फ्लॉप्यांचं प्रकरण तिसऱ्यांदा समजावून सांगितलं. शुक्रवारी सकाळी ते गेले.

"फ्लॉप्यांना बुरशी लागली म्हणून टाकून दिल्या," ते सांगत होते. "पण त्याआधी प्रत्येकीची इमेज करून ठेवलीय. इमेज म्हणजे फोटो नव्हे. फ्लॉपीच्या पोटात होतं ते सगळं, जसंच्या तसं. अशा एकोणीस. त्यांतलं लिखाण आता या एका मोठ्या इमेजमध्ये आणायचं. फक्त एक घोळ आहे. प्रत्येकीत फाइलचं नाव एकच, 'आठवणी'. भागाचा नंबर मी फ्लॉपीवरच्या चिकटपट्टीवर लिहायचो ना! तेव्हा आधी नाव बदलायचं, मग कॉपी. कळलं?"

"हो, कळलं."

"नक्की?"

"बाबा, मी अख्खं ग्रंथालय सांभाळते."

तीन आठवड्यांनी आईने लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. "तुला सगळं शिकवून गेलेत. मला सातवा भाग काढून दे. तो माझ्यावर आहे, लग्नाआधीचा. वाचायला मागितला की म्हणायचे, पुरा होऊ दे."

आता मागे फिरायची सोय नव्हती. तिने पहिली इमेज उघडली. कॉपी करायची की हलवायची, असं विचारलं गेलं. एकाच गोष्टीच्या दोन प्रती ग्रंथपालाच्या डोळ्यांत खुपतात. तिने 'हलवा' निवडलं. दुसऱ्या फाइलच्या वेळी प्रश्न आला, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी नवी ठेवू का? ठेव. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तेव्हा तिने 'पुन्हा विचारू नका'वर खूण केली. कॉम्प्युटरने पुन्हा विचारलं नाही. त्या घरात तिचं इतकं कोणी कधीच ऐकलं नव्हतं.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं. सगळं एका जागी."

एका जागी एकच फाइल होती. एकोणिसावी. अकरा पानं, स्वयंपाकघरातल्या गळक्या नळावर.

ती वाचत गेली. वायसरचे तीन प्रकार होईपर्यंत आईने मुकाट्याने ऐकलं.

"यात मी कुठे आहे?"

"नवव्या पानावर. 'हिने टॉर्च धरला. भलतीकडे.'"

"नळच भलतीकडे होता," आई म्हणाली. "आणि सातवा?"

तिने सातवी इमेज उघडली. रिकामी. सहावी, आठवी, पहिली. सगळ्या धुतल्यासारख्या स्वच्छ.

बाबांचा तीस वर्षांपासूनचा मित्र कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. दोघी त्याच्या दुकानात गेल्या. त्याने बराच वेळ पडद्यात डोकं घातलं.

"हलवल्यास?"

"हो."

"एकोणीसही? एकीवर एक?"

"हो."

"मग यातून काही परत यायचं नाही."

आई स्टुलावर बसली होती. तिने पर्सची चेन उघडली आणि लावली. मुलीकडे तिने पाहिलं नाही.

दुरुस्तीवाल्याने खण ओढला आणि एक पाकीट काढलं. आत पेनड्राइव्ह होता. "तुझा बाप त्या गुरुवारी संध्याकाळी देऊन गेला. एकोणीसही इमेजेस आहेत."

"मग आधी का नाही दिलंत?"

"त्यानेच बजावलं होतं. म्हणाला, पोरगी 'हो, कळलं' म्हणाली, म्हणजे काही कळलेलं नाही. लहानपणापासून असंच आहे. सगळं उडवून तुझ्याकडे येईल, तेव्हा दे. आधी दिलंस तर तिला वाटेल, बापाचा आपल्यावर भरवसा नाही." त्याने चष्मा पुसला. "वहिनी, सातवा लावू?"

आईने स्टूल पुढे ओढलं. तिचे ओठ हलू लागले. दोन ओळींनंतर ती मोठ्याने म्हणाली, "हे साफ खोटं आहे," आणि पुढे वाचू लागली.

"आता तू नीट बघ," दुरुस्तीवाला मुलीला दुसऱ्या पडद्यावर दाखवू लागला. "ही मूळ इमेज, ही मोठी. मूळ असते तिथेच राहू द्यायची. आधी नाव बदलायचं, मग कॉपी. कळलं?"

'हो' जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"नाही कळलं, बाबा," ती म्हणाली. "परत सांगा."