बिबड्यांची राखण आणि निर्भय मंडळ

राखण वर बसून करावी की खाली बसून, एवढाच प्रश्न त्या रविवारी प्रशीलपुढे होता, आणि तो त्याने आपल्या सोयीने सोडवला. माणसाची घसरण नेहमी जिन्यावरूनच होते असे नाही. प्रशीलची मात्र तिथूनच झाली.

प्रशील हा धुळ्यातील एका कार्यालयात आवक-जावक पाहणारा कारकून. वय चाळिशीपलीकडे, प्रकृती सुखवस्तू, हातात सदैव मोबाइल. त्या दिवशी सूर्य उगवण्याआधीच गल्लीतल्या बाया त्याच्या घराच्या गच्चीवर जमल्या होत्या, कारण त्याच्या आईने, झुंबरबाईंनी, बिबडे घातले होते. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापडच. पण ते लाटत नाहीत. भिजवलेल्या, कांडलेल्या ज्वारीचा घाटा शिजवून, त्यात तीळ-लसूण घालून, ओल्या धोतरावर हाताने गोल गोल पसरतात. दुसऱ्या दिवशी फडके उलटे करून मागून पाणी शिंपडले की ते सुटतात. तोवर फडके सोडत नाहीत. या कार्यात प्रशीलचा वाटा मोठा होता. त्याने गरम घाटा तेल घालून दोन वाट्या खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी वैशाख पौर्णिमा. विहाराची झाडलोट करायला बाया निघाल्या, आणि झुंबरबाई चपला घालताना म्हणाल्या, “प्रशील, ध्यान दे. दुपारना वारा उठना का फडकावर आखो दगड ठेवजो. जिनाना सावलीम्हा बस. खाले येऊ नको.”

“आई, मी काय लहान आहे का?”

“तुम्ही लहान असता तर सांगावं लागलं नसतं,” त्याची बायको वृषाली म्हणाली. “लहान मुलं ऐकतात.”

प्रशीलने मान डोलावली. (मान डोलावणे हे त्याचे कार्यालयातले मुख्य काम असल्याने ते त्याला उत्तम जमे.) पण बरोबर बाराला त्याची दुसरीकडे परीक्षा ठरली होती, आणि ती गच्चीवर देता येण्यासारखी नव्हती.

प्रशील मोबाइलवर एक विलायती खेळ खेळत असे. त्या खेळात शापित अरण्ये, ओस गावे आणि नाना प्रकारची भुते होती. नुसती मारामारी करणारे पुष्कळ असतात. प्रशीलच्या मित्रांना त्या भुतांची कुळकथा शोधण्याचे वेड होते. भूत भूत का झाले, कोणी शाप दिला, भिंतीवरच्या खुणांचा अर्थ काय, यावर ते तासन्‌तास बोलत. आपल्या आज्याचे नाव विचारले असते, तर त्यांतल्या दोघांना आठवावे लागले असते. या मंडळींनी स्वतःला ‘निर्भय मंडळ’ असे नाव दिले होते. त्यात मुख्य दोघे: बोदवडला स्टेशनाजवळ मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा समाधान, आणि अमळनेरला शाळेत शिकवणारे हितेंद्र सर. म्होरक्या प्रशील. कार्यालयात त्याला कोणी विचारीत नसे. घरात त्याला सगळे सांगत असत. ‘म्होरके’ म्हणून हाक मारणारी माणसे त्याला जगात एवढीच होती. ती हाक त्याला पगाराहून प्रिय होती, हे समजून घेतले पाहिजे. नाही तर पुढचे सारे केवळ हास्यास्पद वाटेल.

गेले काही दिवस मंडळात एकाच भुताचा शोध चालला होता. खेळातल्या एका ओस गावात भर दुपारी एक पांढरे वस्त्र तरंगत येई, आणि त्यावर माणसांची तोंडे असत. धड नाही, हात नाहीत, नुसती तोंडे. हितेंद्र सरांनी त्याला ‘मुखपट’ असे नाव दिले होते. त्याच्यासमोर पाठ फिरवली की खेळणाऱ्याचे तोंडही त्यावर जाऊन बसे. ही तोंडे मुळात कोणाची, हे कोणालाच ठाऊक नव्हते, कारण तिथवर पोचलेला प्रत्येक जण पळाला होता. त्यावरून भीती आणि मोठेपण यांचा वाद पेटला.

“भीती ही पोरसवदा गोष्ट आहे,” प्रशीलने ठणकावले होते. “माणूस मोठा झाला की आपोआप जाते. मिसरूड फुटते तशी.”

“मिसरूड येतं म्होरके, जात नाही,” समाधान म्हणाला.

“प्रशीलभाऊ, जो घाबरत नाही तो मोठा, हे बालवाडीतलं शास्त्र झालं,” हितेंद्र सर म्हणाले. “घाबरूनही जो जागा सोडत नाही, तो मोठा.”

“सर, जागा सोडायचा प्रश्नच कुठे? मला भीती वाटतच नाही.”

“मग दाखवा.”

अशी परीक्षा ठरली. रविवारी भर बाराला, दारे-खिडक्या लावून, पंखा-कूलर बंद करून, प्रशीलने एकट्याने ओस गावात जायचे आणि मुखपटापुढे उभे राहून त्याची कथा शोधायची. फोनवरून त्याचा श्वासही मंडळाला ऐकू आला पाहिजे. किंचाळला, तर म्होरकेपण गेले.

बाराला पाच कमी असताना प्रशीलने गच्चीवरच्या फडक्यांकडे पाहिले. प्रत्येक कोपऱ्यावर एकेक दगड होता. वारा मुळीच नव्हता. ‘राखण काय, खालूनही होते,’ असे मनाशी म्हणून तो जिना उतरला. कर्तव्य सोडताना माणूस कधी ‘सोडतो’ असे म्हणत नाही; तो नेहमी ‘खालूनही होते’ असेच म्हणतो.

वैशाखातली धुळ्याची दुपार ज्याने पाहिली नाही, त्याला भयाची अर्धीच ओळख आहे. गल्लीत चिटपाखरू नसते. दारे लावलेली, पडदे ओढलेले. सावल्याही माणसांच्या पायांखाली दडून बसतात. हाक मारली तर ती समोरच्या भिंतीला लागून परत येते. रात्रीचे भय दिवा लावला की सरते. दुपारच्या भयाला आणखी कोणता दिवा लावणार?

मागच्या खोलीत प्रशील घामाने निथळत बसला. कानात फोनचे यंत्र, हातात मोबाइल, पडद्यावर ओस गाव. तिथेही दुपारच होती. उघड्या चुली, उलटी पडलेली भांडी, अंगणात कोणाची तरी पादत्राणे, आणि माणूस नाही. प्रशीलचा खेळातला वीर चालत होता. त्याला सावली नव्हती.

“म्होरके, श्वास मोठा येतोय,” समाधानचा आवाज आला.

“उकडतंय,” प्रशील म्हणाला.

गावाच्या शेवटच्या भिंतीवर अक्षरे कोरलेली दिसली. आजवर तिथे कोणी थांबले नव्हते. प्रशीलने ती इंग्रजी अक्षरे जुळवली, आणि अर्थ लागताच त्याचा घाम एकाएकी गार झाला.

“काय लिहिलंय?” हितेंद्र सरांनी विचारले.

“लिहिलंय की…” प्रशील थांबला. “ज्यांना राखणीला बसवले, आणि जे राखण टाकून उठून गेले, त्यांची ही तोंडे.”



“वा!” सर म्हणाले. “म्हणजे हे पळपुटे पहारेकरी! केवढी कथा सापडली, प्रशीलभाऊ! भीतीची नाही, जबाबदारीची कथा आहे ही.”

प्रशीलला आनंद झाला नाही. त्याला आपण कुठे बसलो आहोत आणि कुठे बसायला हवे होते, हे एकदमच आठवले. आणि त्याच वेळी डोक्यावर आवाज झाला.

खर्रर्र. कोणीतरी दगड ओढावा तसा. मग थांबला. मग फट्, फट्, फट्, ओल्या हाताने भिंत थापटावी तसा.

खेळातलाच आवाज असेल म्हणून त्याने कानातले यंत्र वायरीसकट उपटून काढले. आवाज थांबला नाही, वाढला.

“म्होरके,” मोबाइलमधून समाधान हळूच म्हणाला, “तुमच्याकडे वर कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मग आम्हाला ऐकू येतंय ते काय आहे?”

 मागच्या खिडकीच्या फटीतून येणारी उन्हाची रेघ विझली. प्रशीलने खिडकी ढकलली. (का ढकलली, हे त्याला पुढेही सांगता आले नाही. भ्यालेला माणूस ज्याला भितो तेच आधी उघडतो.)

खिडकीबाहेर, जमिनीपासून अधांतरी, पांढरे वस्त्र तरंगत होते. त्यावर तोंडे होती. गोल, फिकी, ओळीने मांडलेली. तिळातिळांचे डोळे असलेली. काही अर्धवट वाळून वाकडी हसणारी. ती हळूहळू खिडकीकडे झुकली आणि पुन्हा मागे गेली.

सकाळी याच तोंडांचा घाटा त्याने दोन वाट्या खाल्ला होता. पण भयाला स्मरणशक्ती नसते.

“आला,” तो कसाबसा म्हणाला. “खरा आला.”

“पाठ फिरवू नका!” समाधान ओरडला. मागे त्याच्या दुकानाजवळून रेल्वेगाडी धडधडत गेली. तिच्या धडधडीवरही त्याचा आवाज चढला. “म्होरके, काही झालं तरी पाठ फिरवू नका!”

प्रशीलने पाठ फिरवली नाही. एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. खिडकीवर डोळे रोखून तो उलट्या पावलांनी निघाला. मागची खोली, स्वयंपाकघर, बैठक. वाटेत पाण्याचा माठ लवंडला, तरी नजर हलली नाही. पाठीमागे चाचपडत त्याने पुढचे दार उघडले आणि उंबरठ्याबाहेर पाऊल ठेवले. पाठ फिरवू नये हे त्याला कळले होते. पाठीमागे काय आहे ते पाहावे, हे कोणी सांगितले नव्हते.

गच्चीवर धोतरे दोन होती. वावटळीने एक मागच्या कठड्यावरून खाली लोंबवले होते, आणि दुसरे पुढच्या कठड्यावर अडकून वाट पाहत होते.

ते वरून आले. गार, ओलसर, जड. प्रशीलच्या डोक्यावरून पायांपर्यंत पांढरा अंधार झाला, आणि त्याच्या गालाला कोणाचा तरी थंडगार गाल चिकटला. मग दुसऱ्या गालाला दुसरा.

त्यानंतर जो आवाज निघाला, तो अमळनेर आणि बोदवड या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी ऐकला गेला. सरांच्या हातून फोन पडला. प्रशील त्या वस्त्रासकट गल्लीत धावत सुटला आणि ओरडू लागला, “मी उठलो नाही हो! मी खालून राखत होतो! माझं तोंड घेऊ नका!” मग त्याला बुद्धवंदना आठवली. पहिली ओळ आली. दुसरी आली नाही. ज्याने सुखात कधी म्हटली नाही, त्याला ती संकटात पाठ कशी असणार?

नेमक्या त्याच वेळी विहारातून बाया परतत होत्या. ओस गल्लीच्या टोकाला त्यांनी पाहिले: भर उन्हात एक पांढरे वस्त्र, त्यावर तोंडेच तोंडे, आणि ते आक्रोश करीत आपल्याकडे येत आहे. बाया किंचाळून पळाल्या. वृषालीसुद्धा एका ओट्यावर चढली. झुंबरबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. पण वस्त्र जवळ येताच त्यांनी डाव्या हाताने त्याचा काठ घट्ट धरला आणि उजव्या हाताने चप्पल काढली.

“कोन शे रे तू? बोल! कोन शे?”

चपलेचा पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा त्याहून खाली.

“आई! मी! मी शे!” आतून प्रशील स्वतःच्या बोलीवर आला.

“म्होरके, कोण मारतंय?” आतूनच समाधानचा आवाज आला.

एका भुतात दोन आवाज ऐकून झुंबरबाईंनी तिसरा तडाखाही दिला, आणि मग वस्त्र ओढले.

उन्हात प्रशील प्रकटला. बनियन, लेंगा, हातात मोबाइल. दोन्ही गालांवर एकेक बिबडा, कपाळावर तीळ. ओट्यावरून वृषाली खाली उतरली. तिने नवऱ्याकडे पाहिले, फडक्यावरच्या चेंदामेंदा झालेल्या ज्वारीकडे पाहिले, आणि दीर्घ श्वास घेतला.

“राखायला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “नेसायला नाही.”

मोबाइल अजून चालूच होता. झाला प्रकार हळूहळू दोन्ही गावांना कळला. समाधान हसला नाही. फोनमधून नुसते दोनतीनदा खोकल्यासारखे ऐकू आले. हितेंद्र सरांनी मात्र गंभीरपणे विचारले, “आजी, तुम्हाला भीती वाटली नाही?”

“वाटनी नही कशी?” झुंबरबाई ओट्यावर टेकल्या.  “काळीज तोंडम्हा उनं व्हतं. पन बिबडा मन्हा व्हतात ना. मी पळती ते फडकं कोन धरतं?”

 प्रशीलने गालावरचा बिबडा काढला आणि काय करावे ते न सुचून हातातच धरला. आठवडाभर जो वाद तिघा शिकलेल्या माणसांना सुटला नव्हता, तो एका चपलेसरशी सुटला होता, आणि त्याची खूण त्याच्या खांद्यावर उमटली होती.

“प्रशीलभाऊ,” शेवटी सर म्हणाले, “नियम तुम्हाला माहीत आहे. तुम्ही किंचाळलात.”

“हो,” प्रशील म्हणाला.

“मग मंडळाला नवा म्होरक्या पाहिजे. माझं मत आजींना.”

“माझंही,” समाधान म्हणाला. “आजी, तुम्ही आमच्या म्होरक्या व्हा. काही करायचं नाही. आमच्याबरोबर ओस गावात यायचं, भुतांसमोर उभं राहायचं.”

झुंबरबाईंनी हे नीट ऐकून घेतले. चप्पल पायात घातली. मग मुलाकडे एक नजर टाकून त्यांनी मोबाइल तोंडाजवळ धरला.

“येसू ना रे भाऊ, माले काय,” त्या म्हणाल्या. “पन मन्हा मांगे घरम्हा याना जवळ कोनी बसवं? एकला ऱ्हायना का त्याले भेव वाटस.”