फ्लेक्सवरचा नवा ॐ

"यंदा कीर्तनाला गर्दीनं मांडव फुटला न्हाय तर मिशी काढीन!" बाळासोंनी कोल्हापुरातल्या तालमीच्या कट्ट्यावर जाहीर केलं. गेल्या वर्षी कीर्तनाला आठ डोकी आली होती, त्यातली दोन झोपली होती! यंदाही तसंच झालं तर कीर्तन बंद, असं तालीम मंडळानं बजावलं होतं. कीर्तनावर जीव टाकणाऱ्या बाळासोंनी गर्दी खेचायचा चंगच बांधला.

त्यांनी मोबाइलवर गाण्याची चित्रं शोधली आणि फ्लेक्सवाल्या खिजरपुढं धरली. "ह्यो शेपटीवाला नवा ॐ मोठा टाक! भोवती ह्ये झेंडेवाले काळे ठिपके!"

"काका, ह्यो ॐ न्हवं. विंग्रजी गाण्याच्या लिपीतली सुरांची खूण..."

"गाण्याच्याच न्हवं? मग झालं तर! वर 'सुरांची जत्रा' लिही. कीर्तन अन् महाप्रसाद खाली बारीक!"

फ्लेक्स लागला. बाळासोंच्या बायकोनं, विठाबाईंनी, येता-जाता त्या शेपटीवाल्या ॐला हात जोडले, हळदीकुंकूही वाहिलं.

आणि संध्याकाळी मांडव खरंच फुटला! पोरं झाडावर वटवाघळांसारखी लटकली होती. शिट्ट्यांनी कान किटले. बाळासोंची छाती पुरीसारखी फुगली.

तेवढ्यात आदर्श नावाचा पोरगा पुढं आला. "काका, गिटारवाला कुटं हाय? फ्लेक्सवर ऑर्केस्ट्राच्या खुणा हायत की!"

पुरीतली हवाच गेली! बाळासो कसंबसं म्हणाले, "हाय, हाय! आदी देवाचं हुदे. मग गाणी!"

कीर्तनकार बुवा उभे राहिले. गजर सुरू झाला. शिट्ट्या मारणारी पोरं पहिल्यांदा चेष्टेनं टाळ्या वाजवू लागली, मग तालात आणि मग चक्क डोळे मिटून! गोष्ट रंगली तशी झाडावरची खाली येऊन मांडी घालून बसली. मृदंगावर थाप पडली, की हजार माना डोलायच्या. बाळासोंचे डोळे भरून आले.

पण आरती झाली, आणि एकही जण हलेना! मागून आरोळी आली, "आता ऑर्केस्ट्रा!"

बाळासो बुवांच्या पायाशीच बसले. कानाशी लागून सगळं कबूल केलं. "बुवा, वाचवा! ही पोरं मांडव उपटत्यात!"

बुवा गालात हसले. "शब्द दिलायसा न्हवं? मग तुमीच गावा की!"

बाळासोंनी माइक धरला, डोळे मिटले आणि पोटातनं सूर लावला. ओळ संपवून बघतात तर मांडवात चिटपाखरू नाही! सगळं कोल्हापूर महाप्रसादाच्या रांगेत उभं होतं, आणि सगळ्यांत पुढं विठाबाई!