आंब्याचा केसपेपर

गेनूआप्पा झाडांना स्टेथोस्कोप लावत. भोरच्या बाजारात, आठवड्याच्या गर्दीत, चिंचेच्या खोडाला नळी लावून डोळे मिटून उभे राहत आणि एक हात वर करत. म्हणजे आजूबाजूच्यांनी गप्प बसायचं. गंमत अशी की लोक बसत. भाजीवाल्यासुद्धा ओरडायच्या थांबत.

वेल्ह्याकडे जनावरांच्या दवाखान्यात आप्पांनी उभी हयात नोकरी केली. जनावर धरायचं, मलमपट्टी करायची, केसपेपर भरायचा. निवृत्तीच्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना आपला जुना स्टेथोस्कोप दिला. तो वाया जाऊ नये म्हणून हे झाडांकडे वळले, असं मी समजत होते. त्यांचं म्हणणं निराळं.

"जनावर निदान हंबरतं तरी. ह्येला कोण इचारणार?"

खोडाला भोक दिसलं आणि खाली भुसा पडलेला असला, की आत खोडकिडा. मग आप्पा सायकलचा स्पोक भोकात घालत, आतली अळी टोचून बाहेर ओढत, पेट्रोलचा बोळा कोंबत आणि वर चिखल लिंपत. झाडाला म्हणत, "झालं, झालं, हलू नगं." झाड कुठे हलणार?

प्रत्येक झाडाचा केसपेपर असे. पेशंट : चिंच. मालक : कोणी नाही, तात्पुरता मी. किकवीच्या एका हॉटेलवाल्याने पाटी झाकली जाते म्हणून दारातल्या कडुनिंबाच्या मुळाशी रोज उकळतं पाणी ओतलं. निंब वाळल्यावर आप्पांनी कागदावर लिहिलं, 'मृत्यूचं कारण : खून. इसम ओळखीचा.' आणि ते भर हॉटेलात वाचून दाखवलं. हॉटेलवाला म्हणाला, "आप्पा, जरा नरम लिवा की."

"केसपेपरवर खोटं लिवायचं न्हाई. मेल्यावर तरी खरं."

हे मला पटायचं. मी कचेरीत जुनं रेकॉर्ड सांभाळते. चुकीची नोंद दिसली की माझा हात लाल पेनकडे जातो.

माझ्या अंगणात रायवळ आंबा होता. मुलगी पहिलीत असताना लावलेला. दर गुरुवारी पाचला आप्पा त्याला तपासायला येत, तपासून झालं की पायरीवर बसून चहा घेत आणि जात. मला ते जरा जास्तच वाटायचं. एवढं काय तपासायचं असतं?

मग एका गुरुवारी बुंध्याशी भुसा दिसला. आप्पांनी दोन अळ्या काढल्या, पुन्हा कान लावला.

"मालकीणबाई, आजून एक हाय. लई खोलात. पुढल्या गुरवारी धरतो. भोकांना हात लावू नका."

त्याच रविवारी अंगणात मुलीचं लग्न. मांडव आंब्याखाली, आणि खोड चिखलाच्या ठिगळांनी बरबटलेलं. घरी रंगारी होताच. त्याला म्हटलं, सगळी भोकं व्हाईट सिमेंटने बुजव आणि वरून गेरूच्या रंगाचा ऑइलपेंट मार. अर्ध्या तासाचं काम. फोटो सुरेख आले.

गुरुवारी आप्पा आले. रंगावर नळी लावून ऐकलं.

"चोर आत हाय आन् तुमी दार लावलंत."

"मग उघडा की. त्यात काय?"

"कंचं दार, त्ये कळंना आता. भुसा भाईर पडत व्हता, त्येच्यावरनं ठाव लागायचा. आता नुसतं ऐकू येतंय."

पुढे कितीतरी गुरुवार त्यांनी रंग खरवडला, स्पोक घातला, वाकवला. पुढच्या उन्हाळ्यात आधी एक फांदी वाळली, मग सगळंच. घरावर पडेल म्हणून मी पावसाआधी तोडून घेतलं. ओंडका फोडला तेव्हा आत बोट जाईल एवढी लांबलचक वाट होती, आणि तिच्या टोकाला अंगठ्याएवढी पांढरी अळी. आप्पांनी ती बघितली.

नंतरच्या गुरुवारी ते फाटकाशीच थांबले आणि मला कागद दिले. "पेशंट गेला की केसपेपर मालकाला द्यायचा आसतो."

"या, चहा ठेवते."

"आता कशापायी?" म्हणाले, आणि सायकल वळवली.

मी कागद उलगडले. सहा वर्षांचे गुरुवार होते. 'पेशंट ठीक. चहा घेतला.' 'पेशंट ठीक. चहा घेतला. त्यात आलं होतं.' 'पेशंट ठीक. मालकीणबाई घाईत. तरी चहा दिला.' पानंच्या पानं माझ्या आंब्याला काहीही झालेलं नव्हतं. मी मात्र दर वेळी घड्याळ बघत कप पुढे केला होता.

शेवटची ओळ : 'मृत्यूचं कारण : वयोमान.'

रायवळ आंबा. वय वीस.

मी लाल पेन घेतलं, 'वयोमान' खोडलं, 'मालकिणीची घाई' लिहिलं, खाली सही केली आणि कागद घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. खोलीत खाट, स्टोव्ह आणि भिंतीला स्टेथोस्कोप. आप्पांनी चष्मा लावून ओळ वाचली.

"केसपेपरवर खाडाखोड चालत न्हाई, मालकीणबाई."

"आणि खोटं चालतं?"

त्यांनी कागद घडी करून खाटेवर ठेवला. "लेकीच्या लग्नाची घाई व्हती. त्येला खून कसा म्हनू?" मग स्टोव्हला पंप मारत म्हणाले, "बसा. आलं न्हाई माज्याकडं."

खोलीत कप एकच होता. तो त्यांनी मला दिला आणि स्वतः बशीतून प्यायले. मी पहिल्यांदाच मनगटावरचं घड्याळ बघितलं नाही. त्यांनी मात्र ते दोनदा बघितलं, आणि म्हणाले, "तुमाला उशीर व्हत आसंल."