तळकोंडीचा बांध आणि सरकारजमा शब्द

श्रीबोरूदेवता प्रसन्न असो, वाचणारास सबुरी असो. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सरे, भाद्रपद मासी एका राज्यात जे जाहले ते सांगतो. राज्याचे नाव सांगत नाही, कारण तेथील दिवाण हयात आहेत आणि त्यांस राग लवकर येतो. त्या राज्यात गणो बाबाजी म्हणोन सरकारी अखबारनवीस होते. त्यांनी रोजची खबर लिहावी, नकला जासुदांनी गावोगाव न्याव्या आणि पाटलांनी चावडीवर वाचून दाखवाव्या, ऐसा शिरस्ता. चावडीवर वाचल्याखेरीज काही घडले ऐसे रयत मानीत नसे. छप्पर उडाले तरी अखबार येईतो लोक वर पाहत नसत. गणोपंतांचे अक्षर सुबक, परंतु हातात एकच शब्द बसलेला, तो खळबळ. रेडकू विहिरीत पडले की गावात एकच खळबळ, आणि वांगी महागली की बाजारात खळबळ, स्वस्त जाहली तरी खळबळ, आणि भाव तोच राहिला तेव्हा जाणकारांत खळबळ. सासूने सुनेस बरे म्हटले, पंचक्रोशी खळबळली. दिवाणांस शिंक आली, मुत्सद्दी मंडळात खळबळ. दुसरी आली नाही, तेव्हा मोठी खळबळ टळली ऐसे लिहिले.

आता कोतवाल जानराव यांस हुकूम होता की जेथे खळबळ तेथे स्वार पाठवावे. मग स्वार दौडत जात आणि पाहतात तो गावकरी सुपारी कातरीत बसलेले. खळबळ कोठे म्हणोन पुसले तर म्हणत, काल असेल बहुधा, आम्ही शेतात होतो. घोडी थकली, स्वार थकले, आणि कोतवालांनी दरबारी येऊन अर्ज केला की एक तर या गृहस्थांनी शब्द सोडावा, नाही तर मी चाकरी सोडतो. श्रीमंतांनी विचार केला, कोतवाल मिळणे कठीण, सबब शब्द सरकारजमा केला आणि ताकीद दिली की पुन्हा लिहाल तर कबुतरखान्यावर नेमणूक होईल. गणोपंतांस अन्न गोड लागेना. अमुक गावी जत्रा भरली, इतके लिहीत आणि पुढे काय लिहावे ते न सुचून छताकडे पाहत बसत. मला विचाराल तर त्यांची कीव यावी ऐसीच अवस्था होती.

ऐसे असता तळकोंडीचे तलावाचा राखणदार धापा टाकीत आला की बांध खचतो आहे, पाणी माती घेऊन येते आहे, दिवस मावळेतो धरला तर नशीब. तळकोंडी बांधाच्या ऐन खाली, आणि तेथेच गणोपंतांची एकुलती लेक सगुणा दिली होती. राखणदाराने गावात आधी ओरडून सांगितलेच होते, परंतु अखबारात येऊ दे म्हणोन लोकांनी त्यास गूळपाणी देऊन बसविले, मग तो उठून इकडे पळाला. जासूद घोड्यावर तयार, आणि गणोपंतांनी सवयीने लिहिले, तळकोंडीत एकच, आणि तेथे हात थांबला. मग हाहाकार लिहिला, तर तो मागे राणीसाहेबांचे मांजर हरवले तेव्हा खर्चला होता. चिंतेचे वातावरण लिहिले आणि तेही फाडले. तेव्हा त्यांचे कुटुंब उमाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सगुणा समोर उभी असती तर काय सांगितलं असतंत? तेच लिहा."

मग गणोपंतांनी लिहिले: बांध फुटतो आहे. गुरे सोडा, म्हाताऱ्यांस धरा, टेकडीवर जा. सामान घेऊ नका.

पाटलांनी चावडीवर ते वाचले, पुढे काही असेल म्हणोन कागद उलटून पाहिला, तो कोरा. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. तुम्ही घाबरला आहा ऐसे कोणी लिहिले नव्हते, तेव्हा ती आपली आपण घाबरली, आणि उठली, आणि गेली. तिन्हीसांजेस बांध फुटला आणि गाव वाहून गेला, माणूस एकही गेले नाही.

दुसरे दिवशी दरबार भरला. दिवाण म्हणाले, मजकूर फार कोरडा. श्रीमंतांनी मात्र गणोपंतांस शाल दिली आणि खूश होऊन शब्दही परत देऊ केला. इतक्यात सगुणा सासूस हाताशी धरून, गुडघ्यापर्यंत चिखल, ऐसी दारी आली. गणोपंतांनी पुसले, बाळे, ऐकून काय वाटले.

ती म्हणाली, "बाबा, लग्न होऊन इतकी वर्षं झाली, चावडीवर तुमचं रोज ऐकते. हातातलं काम कधी ठेवलं नव्हतं. काल तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठले."

गणोपंतांनी शाल तिच्या सासूस पांघरली आणि श्रीमंतांस हात जोडून विनंती केली की शब्द सरकारातच असो द्यावा.

एकूण हकीकत इतकीच की गाव गेला, माणसे राहिली, शब्द सरकारी कोठारात पडून आहे, आणि लेक दिवाळीपर्यंत माहेरी राहिली.