सातव्या महिन्यातली मोटार

"गाडी गचके खाते असं ऐकतो. पोरीला सातवा महिना हाय. गचके थांबले की न्या." एवढाच मजकूर लिहून व्याही गुरुबसप्पांनी अक्कलकोटहून कार्ड टाकलं, आणि सोलापुरातले सुताचे व्यापारी सिद्रामप्पा ते दिवसातून चारदा वाचू लागले. दाक्षायणी एकुलती एक लेक, तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तिला आपल्या मोटारीतून आणणार असं ते साऱ्या पेठेला सांगून बसले होते. पेठही आठवण ठेवून रोज विचारत होती.

मोटार चार सिलिंडरची, एका निवृत्त साहेबाकडून घेतलेली. तिचा आजार विलक्षण होता. सकाळी घरासमोर सुरू केली की ती तीनदा सरळ बोलायची आणि चौथ्यांदा अडखळायची. त्यासरशी आतल्या माणसाची मान पुढं जायची आणि टोपी मागं. तशीच गचके खात ती मानसिंग मिस्त्रीच्या कारखान्यात पोचायची आणि त्याच्या दारात उभी राहिली की शिवणयंत्रासारखी चालायची.

"आता बरं वाटतंय तिला," मानसिंग म्हणायचा.

"घरी न्हाय वाटत."

"घरी काय खायला घालता?"

मानसिंगची एक पद्धत होती. लाकडी मुठीच्या पेचकसानं तो चालू इंजिनातल्या ठिणगी पाडणाऱ्या एकेका प्लगचं टोक खालच्या लोखंडाला जोडायचा. कामाच्या प्लगला असं केलं की इंजिन कण्हतं. ज्याला करून काहीच फरक पडत नाही, तो कामचुकार. कारखान्यात चारही वेळा इंजिन कण्हायचं. म्हणून सोमवारी तो रस्त्यातच आडवा आला आणि गचके चालू असताना तपासलं. पहिला कामचुकार निघाला. वर चिकटलेला पालापाचोळा झटकून तो बदलला. मंगळवारी दुसरा निघाला. तोही बदलला. बुधवारी तिसरा.

"शेठ, एवढ्या मोटारी बघितल्या, पण पाळी लावून रजा घेणारे प्लग हे पहिलेच."

"गिरण्यांच्या गावात राहून शिकले असतील," सिद्रामप्पा खिन्नपणे म्हणाले.

"उद्या चौथा जाणार. कसा जातो ते बघायलाच येतो."

गुरुवारी पहाटे मानसिंग मोटारीजवळ येऊन उभा राहिला. थोड्या वेळानं सिद्रामप्पांच्या मातोश्री गुरम्मा आंघोळ आटोपून, तांब्या आणि तबक घेऊन बाहेर आल्या. वय पंच्याहत्तर. त्यांनी मिस्त्रीला आपादमस्तक न्याहाळलं.

"पायातलं काढ," त्या म्हणाल्या आणि बॉनेट उघडलं.

आत चिनीमातीचे चार पांढरेशुभ्र प्लग ओळीनं उभे होते. गुरम्मांनी प्रत्येकावर पळीभर पाणी घातलं, तीन बोटांनी विभूती ओढली, आणि चौथ्यावर बेलाचं ओलं पान चिकटवलं, माथ्यापासून थेट खालच्या लोखंडापर्यंत.

"रोज एकाचा मान," त्या म्हणाल्या. "एकालाच दिलं तर बाकीचे रुसत्याल की."

मानसिंगला सगळा उलगडा झाला. त्याचा पेचकस जे करायचा तेच ते पान करत होतं. ठिणगी सिलिंडरात न उतरता पानावरून लोखंडात जात होती. कारखाना येईपर्यंत इंजिन तापून पान वाळायचं, पंख्याच्या वाऱ्यानं उडायचं आणि रोगी बरा व्हायचा.

"अव्वा, हे देव न्हायत," तो हळूच म्हणाला. "प्लग हायत. ह्यांच्यात वीज असते."

"मला सांगतोस व्हय? मागं एकदा गाडी चालू असताना बोट लावलं, तर खांद्यापतोर झटका बसला. तवाच वळखलं, जागृत हायत."

मानसिंगनं मदतीसाठी सिद्रामप्पांकडं पाहिलं. सिद्रामप्पा पायरीवर उभे राहून आकाश बघत होते. आईसमोर 'पण' हा शब्द त्यांनी उभ्या जन्मात काढला नव्हता.

"अव्वा, हे सगळं कशासाठी करता?"

"नात सुखरूप घरी यावी म्हणून."

"मग तिला आणायचं काम ह्यांचंच हाय. पण एकेक जण रोज पूजेला बसतोय. गाडी कुणी ओढायची?"

घरातली पुरुष माणसं एकदा पाटावर बसली की कामाला उठत नाहीत, हा गुरम्मांचा साठ वर्षांचा अनुभव होता.

"खरं हाय," त्या म्हणाल्या. पान उचललं, चारही प्लग पदरानं कोरडे पुसले. "बारसं होईपतोर पूजा बंद. कामाला लागा म्हणावं."

अक्कलकोटपर्यंत मोटारीनं एकदाही मान डोलवली नाही. गुरुबसप्पा ताकानं काठोकाठ भरलेला लोटा घेऊनच मागच्या बाकावर बसले.

"थेंबभर जरी सांडलं, तरी पोरगी जागची हलायची न्हाय. चला."

तासाभरानं ते परत आले. लोटा रिकामा होता.

"सांडलं?" दाक्षायणीनं दाराआडून विचारलं.

"न्हाय. वारं लई गोड लागलं, पिऊन टाकलं," गुरुबसप्पा म्हणाले. "त्यामुळं निकाल लागला न्हाय. उद्या परत बघू."

दुसऱ्या दिवशी ते लोटा घरीच विसरले आणि मोटार त्यांच्या बहिणीच्या शेतापर्यंत जाऊन आली. तिसऱ्या दिवशी ती बाजारातून तीनदा गेली, अगदी सावकाश, ओळखीची माणसं दारात बसतात त्या वेळी. सिद्रामप्पा मुकाट्यानं चालवत होते. मुलीचे वडील होते ते.

"व्याही, काय ठरलं मग?"

"चढावर बघितली न्हाय अजून."

चौथ्या दिवशी गुरुबसप्पा फेटा बांधून बाहेर आले, तर मागच्या बाकावर दाक्षायणी बसलेली, पायाशी ट्रंक.

"मामंजी, चढ सोलापूरच्या वाटंला हाय म्हणं," ती खाली मान घालून म्हणाली. "तुमीबी चला की. तितंच बघू."

गुरुबसप्पांनी मागं घराकडं पाहिलं, पुढं रस्त्याकडं पाहिलं आणि सिद्रामप्पांच्या शेजारी बसले.

"एका दिवसाचं काम हाय," ते बायकोला म्हणाले.

दोन महिन्यांनी दाक्षायणीला मुलगी झाली. बारशाला अक्कलकोटची मंडळी रेल्वेनं आली. त्यांना उतरवून घ्यायला, अजून चढ बघायला थांबलेले गुरुबसप्पा स्टेशनवर मोटार घेऊन गेले.